झाडीत लपलेला राजा

या पुस्तकासाठी चित्रं निवडत होते त्या दिवसांत कोट्याच्या एका चित्राची मोठी छापील प्रत जेवणाच्या टेबलावरच पसरलेली असायची. एक दिवस मावशी आली. वय शहाऐंशी, मूळची कोल्हापूरकडची, नजर अजून घारीची. चष्मा कपाळावर सारून तिनं चित्राला जवळजवळ नाक टेकवलं आणि बोटानं एकेक मोजायला लागली. "वाघ आहेत. माकडं आहेत. मोर आहे. तळ्यात कमळं आहेत. पण मारतंय कोण गं ह्यांना?"

मी बोट ठेवून दाखवलं. उजवीकडच्या झाडावर, पानांच्या गर्दीत, पानांच्याच रंगाचा एक अंगरखा होता. त्यातून बंदुकीची नळी बाहेर आलेली, आगकाडीएवढी.

"हा? एवढासा? आणि म्हणे राजा!"

शिकारचित्रांबद्दल मी वीसेक वर्षं वाचते आहे. पण "एवढासा?" या एका शब्दानं जी किल्ली हाती दिली ती कुठल्या ग्रंथात सापडली नव्हती. शिकारीचं चित्र समोर आलं की आपण आधी हत्यार पाहतो, मग जनावर, मग रक्त. मावशीनं माप पाहिलं. शिकारी केवढा काढलाय, सावज केवढं आणि रान केवढं, या तीन मापांच्या खेळात शिकारचित्राचा सगळा इतिहास मावतो असं आता मला वाटतं. या पुस्तकातली चित्रं मी त्याच नजरेनं लावली आहेत, त्यामुळे क्रम कधी कधी सनावळीला सोडून गेला आहे. वाचकांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

सुरुवातीला माणूस लहानच होता. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका गुहेतलं शिकारीचं चित्र २०१९ मध्ये अभ्यासकांनी जगापुढे आणलं, तेव्हा त्याचं वय किमान ४३,९०० वर्षं ठरवलं गेलं. त्यात रानडुकरं आणि ठेंगण्या रानम्हशी ऐसपैस रंगवल्या आहेत, आणि त्यांच्या समोर दोऱ्या किंवा भाले घेतलेली माणसं म्हणजे काड्यांची बाहुली. आपल्या भीमबेटक्यातही तेच. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये आगगाडीच्या खिडकीतून ते खडक पाहिले, उतरून रानात शिरले आणि भारतातल्या शैलचित्रांचा सर्वांत मोठा खजिना उजेडात आला ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते. तिथल्या एका खडकावर लाल रंगात एक अजस्र, शिंगं असलेलं, डुकरासारखं जनावर आहे. डुकराला शिंगं कुठून आली यावर वाद घालायला हरकत नाही. मला त्याच्या पुढ्यात पळणारा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. तो त्या जनावराच्या एका पायाएवढाही नाही. ज्यानं हे चित्र काढलं त्याला आपण कोण आणि समोरचं कोण हे पक्कं माहीत होतं.

मग राजे आले, आणि चित्रातला माणूस वाढायला लागला.

अकबराच्या काळचं एक जोडपानी चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या संग्रहालयानं १८९६ मध्ये विकत घेतलेल्या 'अकबरनामा'च्या प्रतीतलं. १५६७ मध्ये लाहोरजवळ झालेल्या 'कमरघा'चं ते चित्रण. कमरघा म्हणजे आपल्याकडच्या हाक्याचा शाही अवतार, मुळात मंगोलांकडून आलेला. हजारो हाकारे मैलोगणती रानाला कडं घालायचे, ते कडं दिवसेंदिवस आवळत आणायचे, आणि शेवटी सगळी जनावरं एका कुंपणात कोंडली की बादशहा आत शिरायचा. लाहोरला अकबर पाच दिवस आत शिकार खेळत होता. रचना मिस्किन या चित्रकाराची आहे आणि ती पाहताना गरगरायला होतं. हरणं, कोल्हे, ससे पाण्याच्या भोवऱ्यात सापडल्यासारखे फिरताहेत, एकमेकांवर कोसळताहेत. मधोमध घोड्यावरचा अकबर. बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं.

मात्र या चित्राच्या एका कडेला वेगळंच प्रकरण चाललं आहे. दरबारातल्याच एका माणसावर बाण सोडल्याबद्दल हमीद बकरी नावाच्या इसमाला शिक्षा झालेली आहे. डोकं भादरून त्याची गाढवावरून धिंड काढली आहे. शिकारीच्या चित्रात ही धिंड कशाला? अबुल फज्लनं 'आईन-ए-अकबरी'त याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. वरवर पाहणाऱ्याला शिकार म्हणजे मौज वाटते, पण बादशहा शिकारीच्या निमित्तानं न सांगता मुलखात फिरतो, रयतेची आणि अंमलदारांची हालहवाल काढतो, असं तो म्हणतो. म्हणजे हे कडं फक्त हरणांभोवती नाही. सरदारांनाही कळावं की कुंपणाच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणारा एकच आहे. कारकुनी भाषेत सांगायचं तर तो अचानक तपासणीचा दौरा होता, सोबत पन्नास खाटिकखान्यांना पुरेल इतकं मांस.

मोगल कारखान्यात एक चित्र अनेक हातांनी व्हायचं. एक जण रचना आखायचा, दुसरा रंग भरायचा, आणि महत्त्वाच्या चित्रांत चेहरे काढायला तिसरा, त्या कामात तरबेज असलेला. राजाच्या चेहऱ्याला खास माणूस लागायचा. हरणाच्या चेहऱ्याला तशी नेमणूक नव्हती, ते ज्याच्या वाट्याला यायचं तो आपल्या मनानं काढायचा. मला वाटतं म्हणूनच या चित्रांत राजा ठरीव आणि जनावरं जिवंत असतात. याच प्रतीत बसावनची रचना असलेलं आणखी एक चित्र आहे, १५६१ मधल्या प्रसंगाचं. माळव्याहून परतताना बछड्यांसह एक वाघीण शाही काफिल्याच्या वाटेत आली आणि अकबरानं तिला तलवारीनं मारलं. अकबर तोलदार आहे, वार नेटका आहे, सगळं जिथल्या तिथे. वाघिणीच्या अंगाला पडलेला पीळ मात्र कुणी सांगून काढवलेला वाटत नाही.

तलवारीचा मुद्दा इथेच सांगून टाकते, कारण तो पुढे लागणार आहे. अकबराकडे उत्तम बंदुका होत्या. 'संग्राम' या त्याच्या लाडक्या बंदुकीनं त्यानं हजारावर जनावरं टिपल्याची नोंद अबुल फज्लनंच केली आहे. तरी या मोठ्या चित्रांत त्याच्या हाती बहुधा तलवार, भाला नाहीतर धनुष्य दिसतं. तलवारीनं मारायचं तर जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलेला माणूस चित्रात मोठा दिसतो.

या कहाणीला एक आडवळण आहे. १५७८ मध्ये झेलमकाठच्या भेऱ्याजवळ असाच प्रचंड कमरघा रचला होता. कडं आवळत आलं, आणि ऐन वेळी अकबराच्या मनाला काहीतरी झालं. त्यानं हाका मोडायला सांगितला, जनावरं सोडून दिली. त्याला नेमकं काय झालं यावर इतिहासकार अजून बोलताहेत. मला चित्रकारांची दया येते. झालेल्या शिकारीचं चित्र काढता येतं, न झालेल्या शिकारीचं कसं काढणार?

जहांगीर हा बापाहून वेगळा, हिशेबी गडी. बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारीचा त्यानं हिशेब काढवला. त्याच्यासमोर २८,५३२ जनावरं मारली गेली, त्यांतली १७,१६७ त्यानं स्वतःच्या हातानं मारली, त्यांत वाघ-सिंह ८६. सावकाराच्या वहीतल्यासारखे आकडे. आणि हाच माणूस मनसराज नावाचा पाळीव काळवीट मेला तेव्हा त्याच्यासाठी लाहोरजवळ शेखूपुऱ्याला मिनार बांधतो, आणि पन्नाशीच्या सुमारास यापुढे स्वतःच्या हातानं जीव मारणार नाही असा नवसही बोलतो. पुढे तो मोडला, हेही खरं.

त्याच्याच काळातला एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण तो शब्दांतही उरला आहे आणि चित्रातही. १६१० मध्ये शिकारीत एका जखमी सिंहानं झेप घेतली. अनुपराय नावाचा सेवक मध्ये पडला. सिंहानं त्याचे हात तोंडात धरले, आणि तरुण शहजादा खुर्रम तलवार उपसून धावला. जहांगीर आपल्या आठवणींत आणखी एक गोष्ट लिहितो, आणि ती लिहिण्याबद्दल मला तो फार आवडतो. त्या गोंधळात त्याची माणसं घाबरून मागे पळाली, तो स्वतः खाली पडला आणि दोघे-तिघे त्याच्या छातीवर पाय देऊन गेले. चित्र काढलं बालचंदनं, पण पुष्कळ उशिरा, 'पादशाहनामा'साठी. तोवर तो खुर्रम शाहजहान होऊन तख्तावर बसला होता. साहजिकच चित्रात शहजाद्याची तलवार आहे, अनुपरायाची झुंज आहे. छातीवर पाय पडलेला बादशहा नाही. एकाच सिंहाच्या दोन गोष्टी, आणि दुसरी सांगताना पहिल्या गोष्टीतला मोठा माणूस हळूच बाजूला सरकवलेला.

नूरजहाननं हत्तीवरच्या हौद्यातून सहा गोळ्यांत चार वाघ मारले, हेही जहांगीरनंच कौतुकानं नोंदवलं आहे. अबुल हसननं काढलेली बंदूकधारी नूरजहान रामपूरच्या रझा ग्रंथालयात आहे. त्या चित्रात वाघ नाही, रान नाही, काही नाही. एक बाई आणि तिच्याहून उंच बंदूक. पण ती बंदूक ज्या सफाईनं हाताळते आहे त्यावरून ते शिकारचित्रच आहे असं मी धरते, आणि म्हणून ते या पुस्तकात घेतलं आहे. कुणाला अतिक्रमण वाटलं तर वाटो.

चित्त्यांची चित्रं वेगळ्या विभागात आहेत. चित्ता या खेळात एकाच वेळी शिकारी आणि कैदी असतो, त्यामुळे त्याचं माप घ्यायला माझी पट्टी अपुरी पडते. चित्रनजन नावाच्या चित्त्यानं हरणामागे मोठी घळ उडी मारून ओलांडली तेव्हा अकबरानं त्याचा मानमरातब वाढवला, त्याच्यापुढे नगारा वाजवत नेण्याचा हुकूम दिला. मावशीच्या वडिलांनी कोल्हापूर संस्थानातली चित्त्यांची शिकार पाहिली होती. डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता गाडीवर शहाण्यासारखा बसायचा, काळवीट टप्प्यात आले की झापड काढायचे, एवढंच ते सांगत. झापड काढल्यावर पुढे काय झालं ते कधी सांगत नसत. त्या शेवटच्या काळात चित्ते आफ्रिकेतून आणावे लागत, इथले संपत आले होते. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. २०२२ मध्ये नामिबियाहून कुनोला आणलेल्या चित्त्यांच्या बातम्या आल्या तेव्हा मावशी म्हणाली होती, "परत आणले? बघा बाई, आता झापडं तरी बांधू नका."

मराठी मुलखात शिकारचित्रं थोडी आहेत. दख्खनी सुलतानांच्या दरबारातली काही फार देखणी आहेत. विजापूरचा दुसरा अली आदिलशहा वाघावर बाण सोडतो आहे ते चित्र ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. साधारण १६६० चं, म्हणजे प्रतापगड घडून गेल्यानंतरचं. हे आठवलं की त्या बाणाकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं जातं. पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना ठेवला होता. जिथे जनावरं जगवायची त्या जागेला आपण शिकारखाना म्हणतो ही आपल्या भाषेची खास गंमत. १७९० मध्ये गंगाराम तांबट या चित्रकारानं तिथला गेंडा काढला. त्यात शौर्य नाही, धूळ नाही, कुणी घोड्यावर नाही. गेंड्याच्या कातडीच्या घड्या आहेत, एकेक मोजून घ्याव्यात अशा. तांब्याचं काम करणाऱ्यांच्या जातीतून आलेल्या माणसानं पत्र्याचे ठोके ओळखावेत तशा त्या ओळखल्या आहेत, असं मला उगाच वाटतं.

आता कोटा.

कोटा हे हाडा राजपुतांचं राज्य, सतराव्या शतकात बुंदीपासून वेगळं झालेलं, चंबळेच्या काठावरचं. डोंगर, घळी, दाट झाडी. राजघराण्याचं शिकारीचं रान दरा. तोच मुलूख आज मुकुंदरा व्याघ्र प्रकल्पात येतो. १७७१ मध्ये उमेदसिंह गादीवर आला तेव्हा तो पोर होता. कारभार झाला घराण्यातल्या झालिमसिंहाच्या हाती, आणि राजा वयात आला तरी तो त्याच्याच हाती राहिला, १८१९ मध्ये उमेदसिंह वारेपर्यंत. राज्य झालिमसिंहानं करायचं आणि राजानं शिकार खेळायची, अशी ती वाटणी होती. मराठ्यांच्या इतिहासात झालिमसिंह आपल्याला भेटतो तो खंडणीच्या वाटाघाटीत. होळकर आणि शिंदे दोघांनाही कोट्याकडून खंडणी जायची, आणि शिंद्यांचे कमाविसदार गुळगुळे कोट्यातच राहायचे. गुळगुळे दप्तरातली मोडी पत्रं वाचताना झालिमसिंह अतिशय सावध, गोड बोलून वेळ मारून नेणारा कारभारी दिसतो. तोच माणूस या चित्रांत राजाशेजारी मचाणावर बसलेला आहे, तोंड मिटून, गोळी सुटायची वाट पाहत. पत्रं आणि चित्रं शेजारी ठेवली तर ते मचाण रानातलं उरत नाही. वाघ हे त्यातलं एकच सावज.

या चित्रांतला राजा एवढासा का, याचं पहिलं उत्तर अनेक जण इथेच देतात: सत्ता गेली, म्हणून चित्रातही तो आक्रसला. उत्तर ऐकायला छान आहे. पण चित्रांत झालिमसिंहही तेवढाच लहान आहे, आणि त्याच्याकडे तर सगळी सत्ता होती.

मला बंदुकीचं उत्तर जास्त पटतं. तोड्याची बंदूक भरायला वेळ लागतो. नेम चुकला तर दुसरी संधी मिळेलच असं नाही. म्हणून शिकाऱ्यानं दिसायचं नाही, हलायचं नाही, वारा कुठून येतो ते पाहायचं. हिरवे कपडे घालायचे, झाडावर नाहीतर दगडी 'ओदी'त दडून बसायचं. ओदी म्हणजे रानात बांधलेली, भिंतीत फटी ठेवलेली शिकारीची खोली. कोट्याच्या काही चित्रांत अशाच आडोशाला बसलेल्या राणीवशातल्या बायका बंदुका रोखून आहेत, आणि त्यांचा नेम दरबाऱ्यांहून कमी नाही. तलवारीनं राजाला पुढे आणलं होतं. बंदुकीनं त्याला लपायला लावलं. आणि एकदा राजा लपला की कागद मोकळा झाला.

त्या मोकळ्या कागदावर कोट्याच्या चित्रकारांनी जे केलं त्याला तोड नाही. शेख ताजू हे त्यांतलं एक नाव आपल्यापर्यंत आलं आहे, पुष्कळांची आलेली नाहीत. एकावर एक कागद चिकटवून केलेली वसली, ती अकीकाच्या दगडानं घोटून गुळगुळीत केलेली, खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. या सामग्रीतून त्यांनी रान उभं केलं. खडक जांभळे, कधी गुलाबी, कुठे राखी, चिखलाच्या गोळ्यांसारखे एकमेकांवर रचलेले. झाडं ओळखू येतात. केळीचं पान फाटलं तर तसंच फाटलेलं दाखवलं आहे. चंद्र आहे, पण उजेड चंद्राचा नाही, तो प्रत्येक पानाच्या आतून आल्यासारखा. खाली पाण्याकाठी बांधलेला रेडा, आमिषाचा. त्याच्या पाठीवर वाघाचा पंजा पडला तरी वाघाचं लक्ष तिथे नाही. त्यानं मान वळवून झाडाकडे पाहिलं आहे. आवाज तेव्हाच झाला असणार.

वाघ मरताना कसा दिसतो हे या चित्रकारांना माहीत होतं. गोळी लागून उलथा पडलेल्या वाघाचे चारही पंजे वर, पोटाचा पांढरा रंग उघडा, जबडा एका बाजूला लोंबलेला. हे सगळं कुणाच्या सांगण्यावरून काढता येत नाही, पाहिलेलंच असावं लागतं. चित्रकार शिकारीला सोबत जात असणार, ओदीत नाहीतर मागच्या हत्तीवर बसून, हातात हत्यार नसलेला तिथला बहुधा एकटाच माणूस. कोट्यात तेव्हा सिंहही होते, तेही या चित्रांत येतात. आज आशियाई सिंह रानात पाहायचा तर गीरला जावं लागतं, आणि चंबळेकाठचा सिंह पाहायचा तर या चित्रांपाशी.

कर्नल गेयर-अँडरसन यांनी १९५२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिलेल्या चित्रांमुळे कोटा शैली अभ्यासकांच्या डोळ्यांत भरली. डब्ल्यू. जी. आर्चर यांना ही रानं पाहून फ्रेंच चित्रकार हेन्री रूसो आठवला, आणि तेव्हापासून ती तुलना कोट्याला चिकटली आहे. मला ती मुळीच मानवत नाही. रूसो फ्रान्सबाहेर कधी गेला नाही. त्याचं जंगल पॅरिसच्या वनस्पतिउद्यानातल्या काचगृहात उगवलं. कोट्याच्या चित्रकाराच्या पायात त्याच रानातले काटे मोडलेले असत. दोघांची पानं सारखी दिसतात, एवढ्यावरून वाघही सारखेच मानायचे का?

उदयपूरची चित्रं आकारानं याहूनही मोठी, पण त्यांची रीत निराळी. एकाच कागदावर महाराणा पाच-सहा वेळा येतो: इथे घोड्यावर निघतोय, तिथे डुकरामागे, पलीकडे डेऱ्यात बसून जेवतोय. वसंतातल्या 'अहेरिया'ला हिरवी वस्त्रं लेवून रानडुकराची शिकार करणं हा तिथला वार्षिक विधी होता, त्या डुकरावर वर्षाचा शकुन पाहायचा. ही चित्रं मला नकाशासारखी वाचावी लागतात आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळा येतो. महाराणा फतेहसिंहांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिवलालनं काढलेली चित्रं याला अपवाद, त्यांत डोंगराचा उतार पायाला जाणवतो.

राजेरजवाड्यांच्या या गर्दीत एक लहान विषय माझ्या विशेष आवडीचा आहे: रात्री हरणं मारणारं भिल्ल जोडपं. अठराव्या शतकात उत्तरेकडे हा विषय पुन्हा पुन्हा रंगवला गेला. काळोख. बाईच्या हातात दिवा आणि घंटी. उजेडाला आणि नादाला भुललेली हरणं जवळ येतात, डोळे चमकतात. पुरुष तिच्या मागे अंधारात धनुष्य ताणून उभा आहे. अंगावर पानांचे घागरे, ते बहुधा शहरी चित्रकाराच्या कल्पनेतले. पण या सगळ्या संग्रहात भुकेसाठी चाललेली शिकार एवढीच. गंमत म्हणजे इथे शिकारी आणि हरणं जवळपास एका मापाची आहेत.

युरोपातली चित्रं या पुस्तकात नाहीत, जागा नव्हती. एकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ब्रॉयगेलचं १५६५ मधलं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र, व्हिएन्नातलं. शिकारी परत येताहेत, कुत्री दमलेली, पाठी वाकलेल्या, आणि दिवसभराची कमाई म्हणजे काठीला लटकवलेला एक कोल्हा. हजारोंच्या हिशेबानंतर हा एक कोल्हा पाहून बरं वाटतं.

छायाचित्र आलं आणि माप पुन्हा फिरलं. लाला दीनदयाळ यांनी १९०२ मध्ये हैदराबाद संस्थानात काढलेलं लॉर्ड आणि लेडी कर्झन यांचं छायाचित्र सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. दोघं उभी, पायाशी वाघ. रान मागे कुठेतरी पुसट. वाघ जमिनीवर सपाट पडलेला, गालिच्याची तयारी झाल्यासारखा. कॅमेऱ्यापुढे लपून चालत नाही, त्यामुळे झाडीतला माणूस पुन्हा बाहेर आला, छाती काढून, मधोमध. पुढे पन्नास-साठ वर्षं अशी हजारो छायाचित्रं निघाली. त्यांतलं एकही या पुस्तकात घेतलेलं नाही.

मेलेली जनावरं पाहून अस्वस्थ होणारे वाचक असतील. मीही होते. या चित्रांना हळवेपणानं जुन्या वैभवाचं गाणं बनवायची माझी इच्छा नाही, आणि आजच्या कायद्याच्या काठीनं जुन्या राजांना बडवायचीही नाही. शेख ताजूनं वाघाच्या मिशीचा केस काढताना श्वास रोखला असेल. तो श्वास मला महत्त्वाचा वाटतो.

शेवटचं चित्र अजिंठ्याचं आहे, आणि ते सगळ्यांत जुन्यांपैकी असूनही मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. दहाव्या लेण्यात षड्दन्त जातकाची कथा रंगवली आहे. सहा सुळ्यांच्या हत्तीचे सुळे राणीला हवे असतात. ती गेल्या जन्मी त्याचीच रुसलेली जोडीदारीण. व्याध येतो, बाण मारतो, पण सुळे कापणं त्याला जमत नाही. तेव्हा घायाळ हत्ती स्वतःच ते काम पुरं करतो. सुळे राणीपुढे येतात आणि ते पाहून ती कोसळते. रंग आता पुष्कळ उडाले आहेत. भिंतीवर वडाखाली हत्तींचा कळप अजून ओळखू येतो, आणि घेरी आलेली राणीही.

१८१९ च्या एप्रिलमध्ये मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या या घळीत शिरला आणि त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यात जाऊन त्यानं आपलं नाव, पलटण आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख एका खांबावर, रंगवलेल्या आकृतीवर कोरली. वाघाचं काय झालं ते त्यानं लिहिलं नाही. तेव्हा लेणं दगडमातीनं अर्धंअधिक भरलेलं होतं, त्या ढिगावर उभं राहून तो कोरत होता. पुढे राडारोडा उपसला, जमीन खाली गेली. आज ते नाव डोक्याच्या वर पुष्कळ उंचीवर आहे. मावशीला घेऊन गेले होते तेव्हा तिनं मान वर करून पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि विचारलं, "केवढा होता गं हा माणूस?"